डबा काही रिकामा जाईना

बेळगुंदीच्या जयाबाईच्या घरात दुसऱ्याचं भांडं कधी मुक्कामाला राहिलं नाही, आणि रिकामं तर कधीच परत गेलं नाही. कुणी वाटीभर आमटी दिली तर त्याच वाटीतून शेवग्याच्या चार शेंगा जायच्या, नाहीतर मूठभर शेंगदाणे, आणि घरात अगदीच खडखडाट असला तर चिमूटभर साखर. नवरा आण्णाप्पा तापानं फणफणत होता त्या दिवशीसुद्धा ती आधी शेजारणीची वाटी भरून देऊन आली आणि मग डॉक्टरांकडे पळाली. आण्णाप्पा ही हकिकत तीस वर्षं चारचौघांत सांगतोय. त्यात आपलं काय चुकलं ते बाईला अजून कळलेलं नाही.

अशी ही जयाबाई गेल्या वर्षी पहिल्यांदाच बेंगळूरला गेली. मुलगा विक्रम गावाजवळच्या मच्छे इथल्या कारखान्यातली नोकरी सोडून तिकडच्या एका कंपनीत लागला होता. आठ दिवसांचा मुक्काम, रविवारी संध्याकाळची परतीची गाडी, आणि बरोबर अर्धं पोतं रताळी. ते पोतं चौथ्या मजल्यावर चढवताना विक्रमची जी दमछाक झाली ती लिफ्ट बंद असल्यामुळे, पण त्यानं दोष रताळ्यांना दिला.

पहिल्याच संध्याकाळी समोरच्या दारातल्या राजम्मा स्टीलचा डबा घेऊन आल्या. विक्रमची आई आलीय असं कळलं म्हणून त्यांनी गरम बिसिबेळेभात आणला होता. वयानं जयाबाईएवढ्याच, अंबाड्यात मोगरा, बोलणं एकदम मऊ. जयाबाईला कन्नड येत होतं, पण ते बेळगावच्या बाजारात रताळी विकता विकता शिकलेलं. त्यामुळे ती तब्येत विचारायची तेसुद्धा भाव केल्यासारखं वाटायचं. राजम्मांनी मात्र राग मानला नाही.

दुसऱ्या दिवशी डबा उकडलेली रताळी घेऊन परत गेला. डबा लहान पडला म्हणून उरलेली रताळी जयाबाईनं सुनेच्या पातेल्यात घालून दिली, आणि सगळा घोळ तिथंच झाला. पातेलं संध्याकाळी चिंचेचा पुळियोगरे भात घेऊन माघारी आलं, सोबत डबाही आला रसम घेऊन. आता डबा भरून देणं आलं. तो भरून गेला, तर सकाळी पुन्हा दारात. चार दिवसांत विक्रमच्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटली ठेवायला जागा उरली नाही आणि विक्रमनं पट्ट्याचं भोक बदललं.

"आत्या, इथं डबा नुसता धुऊन दिला तरी चालतो. कोण काय म्हणत नाही," सून दिपाली म्हणाली.

"म्हणत न्हाईत म्हणून रिकामं द्यायचं व्हय गं?"

गुरुवारी रताळी संपली. शुक्रवारी पिठलं-भाकरी गेली, आणि घरातलं बेसनही गेलं. शनिवारी जयाबाईचं अंग मोडून आलं, तेव्हा विक्रमनं फोनवरून पुरणपोळ्या मागवल्या. जयाबाईनं त्या खोक्यातून काढून डब्यात रचल्या आणि राजम्मांच्या तोंडाकडे न बघता देऊन आली. उभ्या जन्मात तिनं विकतचं दिलं नव्हतं. दिवसभर ती धड जेवली नाही.

रविवारी दुपारी डबा परत आला. आत म्हैसूरपाक. शुक्रवारी पिठलं घेऊन गेलेलं पातेलं मात्र त्यांच्याकडेच राहिलं होतं.

गाडीला तीन तास उरले होते. दुसऱ्याचा डबा मागं ठेवून गाव गाठायचं तर जयाबाईला रात्रभर डोळा लागला नसता. शेवटी तिनं डब्यात चिमूटभर साखर टाकली, पदर खोचला आणि समोरची बेल दाबली.

राजम्मा तिला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. ओट्यावर मिठाईच्या दुकानाचं खोकं उघडं पडलं होतं, त्यात उरलेला म्हैसूरपाक. दोघींनी खोक्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे.

"किती दिवस चाललंय हे विकतचं?" जयाबाईनं तिच्या बाजारी कन्नडमध्ये विचारलं.

"शुक्रवारपासून. गुडघे धरलेत," राजम्मा खाली बघत म्हणाल्या.

"आमच्या पोळ्याबी विकतच्याच होत्या."

आणि दोघी ओट्याला धरून अशा हसल्या की आतून राजम्मांची सून काय झालं म्हणून बघायला आली.

"मग थांबायचं न्हाई व्हय आक्का? कशाला एवढा ताप करून घ्यायचा?" जयाबाई म्हणाली.

राजम्मांनी पदरानं डोळे पुसले. "अकरा वर्षं इथं राहते मी. नवं बिऱ्हाड आलं की डबा देते. सगळ्यांनी परत दिला, अगदी लखलखीत घासून. आत काही घालून कुणी दिला नाही. तुझी रताळी आली तेव्हा मी सुनेला झोपेतून उठवून दाखवली." त्यांनी डब्यातली साखर बघितली. "आज हा डबा मी घेतला की झालं. तू तुझ्या गावी, मी इथं."

जयाबाईचं भाव करायचं कन्नड इथं उपयोगाचं नव्हतं. तिनं साखर दोघींच्या तळहातावर अर्धी अर्धी वाटली, दोघींनी ती उभ्या उभ्याच खाल्ली, आणि रिकामा डबा काखेत मारून ती घरी आली.

रिक्षा खाली येऊन थांबली होती. विक्रम पिशव्या मोजत होता.

"आई, ह्यो डबा त्यांचा न्हवं? द्यायचा राहिला बघ. दे, मी देऊन येतो."

"राहिला न्हाई. माझ्यासंगं येतोय त्यो."

विक्रमनं पिशव्या मोजायच्या सोडल्या. "तू? दुसऱ्याचं भांडं?"

"व्हय. आता तिला माझी वाट बघाय येती," जयाबाई म्हणाली आणि डबा पिशवीत साड्यांच्या मधे नीट बसवला.

"आणि माझं पातेलं, आत्या?" दिपालीनं विचारलं.

"त्ये मागाय जाऊ नगोस," जयाबाई म्हणाली, आणि चपला घालून जिना उतरायला लागली.