यादीवाले मास्तर

आमच्या गल्लीतले यादीवाले मास्तर माणसाला नावाआधी मतदारयादीतल्या क्रमांकाने ओळखत. मी दूध आणायला निघाले की कट्ट्यावरून हाक यायची, "काय चारशे बारा, आज उशीर?" शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक देवळात रमतात, मास्तर यादीत रमले.

महापालिकेची निवडणूक आली की ते चपला झिजवत घरोघर चिठ्ठ्या वाटत. कुठल्या पक्षाच्या नव्हेत, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या. त्यासाठी एक वही होती. तिच्या पुढच्या पानांवर गल्लीत राहणारे, मागच्या पानांवर कामासाठी भिवंडी-पुण्याला गेलेले आणि देवाघरी गेलेले. "मेलेल्याच्या नावानं चिठ्ठी गेली की घरची बाई दिवसभर जेवत नाही हो," ते म्हणायचे. एवढ्यासाठी इतका उपद्व्याप करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंदा बऱ्याच वर्षांनी निवडणूक लागली. महापौरपदावर डोळा असलेले एक भाऊ आमच्या प्रभागातून उभे होते. त्यांचे दोन कार्यकर्ते मास्तरांकडे आले. "मास्तर, तुमचं गुडघं दुखतंय की. वही दावा, चिठ्ठ्या आमी वाटतो."

मास्तर हरखलेच. वहीची किंमत कुणाला तरी कळली! मला हाक मारून चहा आणायला लावला. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघे मोबाइलवर पानांचे फोटो काढत होते. पुढची पानं भराभर उलटली, फोटो काढले ते फक्त मागच्या पानांचे. चिठ्ठ्या वाटायच्या तर गावात नसलेल्यांची नावं कशाला? पण मास्तर इतके खुशीत होते, की मी कप ठेवून निमूट परत आले.

मतदानादिवशी केंद्रावर सकाळीच अनोळखी चेहऱ्यांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

दुपारी आमच्या गल्लीतला अंबादास मास्तरांच्या दारात आला. भिवंडीला यंत्रमागावर असतो, खास मत द्यायला एसटीने आला होता. बोटाला शाई नव्हती.

"मास्तर, माज्या नावावर कोण मत दिलं हो? सकाळीच झालंय म्हनतेत."

मास्तरांनी वहीचं मागचं पान उघडलं आणि अंबादासच्या नावावर बोट ठेवलं. "माझ्याच हातानं झालंय हे," म्हणाले. "उद्या कचेरीत जाऊन लेखी देतो."

दुसऱ्या दिवशी ते तक्रार लिहून टोपी घालून निघाले, तोवर निकाल लागला होता. हलगी वाजवत मिरवणूक गल्लीत शिरली आणि थेट त्यांच्या दारात थांबली. भाऊंनी त्यांना शाल घातली, गुलाल लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तरांच्या वहीमुळंच आमी निवडून आलो!" खांद्यावरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही. मास्तरांच्या मुठीत तो कागद चुरगळला. समोर अंबादास आईबरोबर उभा राहून बघत होता.

त्याच आठवड्यात मास्तर केम गावाला लेकीकडे गेले, ते पुन्हा आले नाहीत. ते गेल्यावर अंबादासच्या आईने मला गाठलं. "मास्तर पैल्यापासून भाऊंचेच होते का गं?"

मला सगळं माहीत होतं. पण भाऊंचा माणूस कोपऱ्यावर उभा राहून आमच्याकडेच बघत होता.

"मला काय माहीत," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.