निकेलवरचा हायड्रोजन आणि आई

खंडेनवमीला आमच्या डोंबिवलीच्या घरी पाटावर वडिलांची फूटपट्टी, आईची विळी आणि माझी पुस्तकं मांडली जात. मी ठाण्याला नोकरीला लागले त्या वर्षी आईने फर्मान काढलं, "आता तू कमावती. तुझं हत्यार आण." माझं हत्यार म्हणजे निकेलचा बोटभर पत्रा. तो काचेच्या नळीतून आणला, उघडून पाटावर ठेवला, आणि आई कुंकवाचं बोट पुढे करते तोच मी ओरडले, "हात लावू नकोस!" बोटाचं तेल लागलं की पत्रा कामातून गेला. आईने बोट आवरलं आणि दुरूनच अक्षता वाहिल्या.

"देवाचंसुद्धा एवढं सोवळं नसतं गं," ती म्हणाली.

आमची प्रयोगशाळा वनस्पती तुपाच्या एका कारखान्याच्या आवारात होती. तेलाचं तूप करायला निकेल लागतं, आणि कुठलं निकेल चांगलं ते पारखायला साहेबांनी हायड्रोजनचा प्रयोग मांडला होता. आईला त्या तुपाचा मनस्वी राग. ते घरात येणार नाही, हे तिने आधीच बजावलं होतं. प्रयोग मात्र तिला समजून घ्यायचा होता.

पोळ्या लाटता लाटता मी सांगितलं. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणुकेंद्रं, प्रत्येकाला आपली फिरकी. कधी दोघांची एकाच दिशेने, कधी एकमेकांच्या उलट. नेहमीच्या वायूत उलटवाले चौथा हिस्सा. द्रवरूप हवेच्या थंडीत कोळशावर ठेवले की ते वाढून निम्मे होतात. मग काचेत भरून ठेवा, ऊब आली तरी कितीतरी दिवस तसेच. निकेलला मात्र क्षणभर चिकटून सुटले, की फिरकी बदलते आणि पुन्हा मूळचं प्रमाण येतं.

"आणि हे तुला दिसतं?"

"रेणू नाही दिसत. पण दोन्ही प्रकार उष्णता कमीजास्त वाहून नेतात. वायूत एक तापलेली तार असते. ती किती निवते तसा एक इवलासा आरसा वळतो आणि भिंतीवरच्या पट्टीवर त्याच्या उजेडाचा ठिपका सरकतो."

"मग तो ठिपका मला दाखव."

आई काही मागायची नाही अशातला भाग नव्हता. नवी विळी, ओट्यावर कडप्पा, सगळं मागायची. पण माझ्या कामातलं तिने मागितलं ते एवढंच, आणि मी हरखून गेले.

माघात तिला घेऊन गेले. नेमकी त्या दिवशी मुंबईहून द्रवरूप हवा आली नाही. प्रयोग होणार नव्हता, तरी दिवा लावून ठिपका तेवढा दाखवला. आई पदर सावरून स्टुलावर बसली आणि टक लावून बघत राहिली. एकदम म्हणाली, "अगं, हलला!"

बाहेरून ट्रक गेला होता. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण स्वभावाला औषध नाही.

"ट्रकमुळे हलला, आई."

"मग खरा सरकेल तेव्हा बोलाव. ट्रक मी डोंबिवलीतही बघते."

परतताना तलावपाळीवर आम्ही शेंगा खाल्ल्या. घरातली कामं बाजूला ठेवून आई माझ्याशी इतका वेळ बोलली, असं पुन्हा झालं नाही.

चैत्रात तिला कावीळ झाली. वैशाखात ती गेली.

आषाढात सगळं जुळून आलं. द्रवरूप हवा वेळेवर आली, पत्रा निर्वातात तापवून स्वच्छ झाला, मी वायू आत सोडला. ठिपका निघाला. न थरथरता एकेक रेघ मागे टाकत, जायला हवा तसा. त्याच्यासाठी वर्षभर खपले होते, आणि आता मला तो बघवेना. मला आई हवी होती.

"काय बाई, सरकतोय का?" पलीकडच्या खोलीतून साहेबांनी विचारलं.

"सरकला गं," मी म्हणाले. "आई, खरा सरकला."

साहेब दारापर्यंत आले होते. ते दारातूनच परत गेले.