बाईंचा डबा

आमच्या बाई प्रत्येक जोड डब्यात ठेवण्याआधी गालाला लावून बघत. फायबर केबलमधले केसाएवढे काचेचे दोन तंतू मशीनमध्ये वितळून एक झाले, की त्या नाजूक जागेवर प्लास्टिकची बारीक नळी सरकवून तापवायची असते. आत पोलादाची काडी असलेली ही स्लीव्ह आक्रसते आणि जोडाला धरून ठेवते. गरम असतानाच ती डब्यातल्या खाचेत बसवली, तर वाकते. आम्ही सगळे अंदाजानं ठेवायचो. बाई मात्र ती गालाला लावायच्या, डोळे मिटायच्या, आणि गार झाल्याची खात्री पटल्यावरच हात खाली न्यायच्या. मला ते सोंग वाटायचं. मला सुचलं नव्हतं म्हणून वाटत असेल.

बाई फुलंब्रीच्या. भावाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसत, तिथून आमच्या ठेकेदाराकडे आल्या. रोज एसटीनं ये-जा. मी त्यांच्या कितीतरी आधीपासून होतो. वाळूजपासून चिकलठाण्यापर्यंत जमिनीखालच्या केबलचे निम्मे जोड माझ्या हातचे. मशीन कसं हाताळायचं हे बाईंना मीच दाखवलं. वर्ष उलटायच्या आत साहेब सकाळी फोन करून मलाच विचारायला लागले, बाई मोकळ्या आहेत का. मी मोकळा आहे का, हे विचारायचं त्यांच्या ध्यानातही येत नसे.

त्या गरीब स्वभावाच्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. पण बाई चांगल्याच फुशारक्या मारत. जोडांचा काळा डबा बंद करून, झाकणाचं रबर बोटानं चाचपून त्या खड्ड्याच्या काठावर उभ्या राहत आणि म्हणत, "आता पाणी आलं तरी मला इचारूनच आत जाईल." सगळे हसायचे. वाईट म्हणजे, पाणी खरंच आत जात नसे. "जोडायचं काम मशीनचं, सांभाळायचं आपलं," हे त्यांचं दुसरं वाक्य. साहेबांनी ते छापून ऑफिसच्या भिंतीवर लावलं. तसलं काहीतरी मीही कधी बोललो असेन. माझं कुणी लावलं नाही.

घरही सुटलं नाही. एकदा एसटी चुकली म्हणून त्या आमच्याकडे चहाला आल्या. बायकोनं मला कधी विचारलं नव्हतं, पण बाईंना तिनं काचेतून बोलणं कसं जातं ते विचारलं, आणि हनुवटीला हात लावून ऐकत बसली. त्या गेल्यावर लेकीनं विचारलं, "बाबा, बाई तुमच्या साहेब आहेत का?" मी नाही म्हटलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

मग एका दुपारी जालना रोडला खोदकाम करताना जेसीबीनं केबल ओढली. दोन बँका आणि एका दवाखान्याची लाईन बंद पडली. डबा बाईंचा होता आणि बाई भावाच्या लग्नासाठी रजेवर होत्या. इतक्या उत्साहानं मी कामावर कधी निघालो नसेन. बाहेरून केबलच्या चिंध्या झाल्या होत्या, डबा खड्ड्यातून हातभर वर आला होता. साहेबांसमोर मी तो सावकाश उघडला. आतला एकही जोड हलला नव्हता. केबलच्या पोटातली मजबूत काडी बाईंनी डब्याच्या पट्टीला इतकी घट्ट आवळली होती, की ओढ आतल्या काचेपर्यंत पोचलीच नव्हती. "बघितलंत?" साहेब म्हणाले. बघितलं होतं. उन्हात बसून मी बाहेरची केबल बदलली, लाईन चालू केली. साहेबांनी अभिनंदनाचा फोन लग्नघरी केला.

पुढं हैदराबादच्या एका कंपनीला हे काम शिकवणारं माणूस हवं होतं. मी अर्ज केला, बाईंनीही केला. कुणाला बोलावलं, ते सांगायला नको.

त्यांना सोडायला मी मध्यवर्ती बस स्थानकावर गेलो. सगळेच गेले म्हणून गेलो. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. "दादा, तुमचा हात माझ्यापेक्षा हलका हाय. पहिल्या दिवशीच कळलं व्हतं. फकस्त तुम्हाला घाई लई."

इतकी वर्षं जे कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं, ते ऐकवलं कुणी, तर बाईंनी. आणि तेही त्या निघाल्यावर. मनाचा मोठेपणासुद्धा त्यांनी माझ्यासाठी शिल्लक ठेवला नाही.

गेल्या वर्षी पैठण रस्त्याला एका शाळेसाठी नवी लाईन द्यायची होती. त्यासाठी बाईंचा जुना डबा उघडावा लागला. आत कोरडं ठणठणीत. स्लीव्ह ओळीनं बसलेल्या, तंतूंची वेटोळी ऐसपैस, कुठंही ताण नाही. आणि एका बाजूला खाचांची अख्खी ओळ रिकामी सोडलेली, मागून येणाऱ्यासाठी. मी तिथं माझे दोन जोड बसवले. दुपार गेली, पण घाई केली नाही. संपल्यावर पाहिलं, तर कुठले त्यांचे आणि कुठले माझे, हे मलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात, बाईंचं नुसतं नाव ऐकून असलेले आमचे नवे साहेब आले. वाकून आत बघत म्हणाले, "बाईंचं काम ना? बघताक्षणी कळतं."

मी हो म्हणालो आणि झाकण आवळायला घेतलं.