ओळंबा आणि काच

परवा अमरावतीत मला आर्किटेक्ट म्हणून जीवनगौरव मिळाला. शाल, श्रीफळ आणि माझ्या कामांची यादी वाचणारे तीन वक्ते. कॉलेजं, जिनिंगची शेड, चिखलदऱ्याचं विश्रामगृह, कोचिंग क्लासची काचेची इमारत. तिच्यात उन्हाळ्यात पापड भाजतात, हे कोणी सांगितलं नाही. यादीत माझं पहिलं घर नव्हतं.

ते अकोल्यात, शाळेतल्या एका बाईंचं. प्लॉट मी जानेवारीत पाहिला. काळी जमीन अगदी गरीब, गुळगुळीत दिसत होती. नकाशात पाया पाच फूट खोल धरला. तो पाहून बांधकामाचे मिस्त्रीचाचा म्हणाले, "साहेब, मे महिन्यात या. मंग आखू."

मला राग आला; डिग्री कोरी होती. बाई म्हणाल्या, "येऊन तर पाहा न भाऊ. मले काही दोनदा घर बांधनं होत नाही."

मे महिन्यात गेलो तर जमीन फाटलेली. चाचांनी ओळंब्याच्या दोरीला पाच फुटांवर गाठ मारली आणि ओळंबा भेगेत सोडला. दोरी सरकत राहिली. गाठ अंधारात दिसेनाशी झाली, तरी सरकतच राहिली.

"तुमचा पाया इथं थांबते," चाचा म्हणाले. "हे नाही थांबत."

एवढं मोठं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. नंतरही फारसं नाही. पावसात फुगणारी, उन्हात आकसणारी ती जमीन माझी भिंत सहज मोडणार होती. नकाशा बदलला, मुरूम लागेपर्यंत खणलं.

तरी पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीवरच्या भिंतीला केसाएवढी चीर आली. चाचांनी चिरेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली. ती फुटली तर भिंत हलते आहे, मग पाडायची. वर्षभर मी अमरावतीहून दर रविवारी जायचो. दारातच विचारायचो, "फुटली?"

बाई म्हणायच्या, "काच हाय. चहा घ्या."

परवा कार्यक्रमानंतर थेट तिथंच गेलो. चाचा आता नाहीत. बाईंनी ऐंशी ओलांडली आहे. रंगाऱ्यांनी इतक्या वर्षांत काच सोडून भिंत रंगवली. काचेखाली अजून पहिलाच पिवळा रंग. बाहेर रस्त्याकडेची जमीन नेहमीसारखी फाटलेली. मोतीबिंदूमुळे मला नीट दिसेना.

"फुटली?"

बाईंनी बोट फिरवून पाहिलं.

"काच हाय. चहा घ्या."