आठ वाजताचं आवर्तन

एका मंगळवारी सकाळी माझे सासरे गेले. मी चहा ठेवला होता. सासूबाई त्यांना उठवायला गेल्या आणि ते उठले नाहीत.

स्वतःच्या रक्ताला पाटाचं पाणी समजणारा दुसरा माणूस प्रवरेच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. कोल्हारच्या आसपासच्या चाऱ्यांवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यांवर, ते चौतीस वर्षं पाटकरी होते. कालव्याची दारं उघडायची, मिटायची, कुणाच्या उसाला किती तास पाणी जातं ते पाहायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या ऐकून घ्यायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांना ब्लड प्रेशर सांगितलं आणि सकाळी एक, रात्री एक अशा गोळ्या लिहून दिल्या. दुसरा कुणी घाबरला असता. अण्णांचा चेहरा खुलला. हाताला पुन्हा काम मिळालं होतं. "वरनं दाब वाढलाय," घरी येऊन त्यांनी आम्हाला समजावलं, "आन् काठाचा भराव झालाय जुना. पानी बेतानं सोडायचं, बाकी काय न्हाई."

तेव्हापासून आमच्या घरात सकाळी आठला आणि रात्री आठला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटू लागलं. गोळी गिळली की ते अंगणात संथ फेऱ्या मारत, मग ओट्यावर आडवे होऊन पायाचे अंगठे हलवून पाहत. कालव्याचा नियम असा, की पाणी आधी टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या शेतकऱ्याला पोचलं पाहिजे. वरचे तर घेतातच. अण्णांच्या शरीरातला शेवटचा शेतकरी म्हणजे डाव्या पायाचा अंगठा. "अंगठ्याची तक्रार न्हाई," असं ते म्हणाले की सासूबाई ताटं घ्यायच्या. तोवर कुणाला जेवण नाही. मी पुस्तक घेऊन त्यांच्या शेजारी बसत असे, पण नजर ओळीवरून सुटायची. त्यांच्या मिटल्या डोळ्यांआड खरोखरच एखादा कालवा बाभळींच्या सावल्या अंगावर घेत चालला आहे आणि कुठल्यातरी लांबच्या वाफ्यात, अगदी आवाज न करता, पाणी शिरतं आहे, असं मला वाटत राही. त्यांचा श्वासही त्या चालीनं चालायचा.

हे आवर्तन घरापुरतं राहिलं असतं तर ते अण्णा कसले? एकदा नगरहून एसटीनं परतताना राहुरीच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली आणि आठ वाजले. अण्णा उभे राहिले. "आठचं आवर्तन सुटलंय! कुनाकुनाला पानी लागतंय?" मी खिडकीबाहेर पाहू लागले. पण मागून एका म्हातारीनं कनवटीची पुडी सोडली, एका मास्तरांनी खिशातून पाकीट काढलं, आणि बघता बघता सात जणांनी आमच्या एकाच बाटलीतल्या पाण्यानं गोळ्या घेतल्या. कंडक्टर तेवढा नुसती तिकिटं मोजत होता. अण्णा त्याच्याकडे वळले. "काय हो, तुमी?"

"गोळी घरी डब्यातच ऱ्हायली, बाबा. चार दिस झाले."

"आरं तिच्या! तुमी हेडला, पाटाच्या तोंडाशी बसनार, आन् तुमचाच भराव कच्चा?" सगळी गाडी हसली. कंडक्टरनं मात्र त्यांना दाराजवळच्या आपल्या सीटवर नेऊन बसवलं आणि कोल्हार येईपर्यंत गोळ्यांबद्दल विचारत राहिला.

सासूबाईंना यातली गंमत कधी वाटली नाही. त्यांचा थोरला भाऊ याच दुखण्यात बसल्या जागी गेला होता. आपला माणूसही असाच जाईल आणि आपण मागे एकट्या राहू, ही एकच भीती त्यांच्या मनात होती. गोळीचा घोट अण्णांच्या गळ्याखाली उतरेपर्यंत त्यांची नजर तिथून हलत नसे.

आणि अण्णांनी चूक केली, ती पाटकऱ्याचीच. एका उन्हाळ्यात दवाखान्यात प्रेशर अगदी बेताचं निघालं. डॉक्टर म्हणाले, "छान! औषध चालू ठेवा." अण्णांना हे विसंगत वाटलं. "वाफसा आल्यावं पानी बंद करत्यात, डॉक्टरसायेब. न्हाईतर पानी साचून जमीन चिबाडती." डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला. अण्णांनी घरी येऊन खरोखर दार मिटलं. गोळी तोंडात टाकायची, जिभेखाली धरून वरून पाणी प्यायचं आणि फेऱ्या मारताना अंगणाच्या कडेच्या अळूत थुंकायची. अकराव्या दिवशी चप्पल घालताना त्यांचा डावा हात लुळा पडला आणि बोलणं अडखळलं.

ते वाचले. बोलणंही आलं. डाव्या मुठीतला जोर तेवढा गेला. घरी आणल्यावर सासूबाईंना अळूच्या बुडाशी विरघळायला आलेल्या गोळ्या सापडल्या. त्या त्यांनी बशीत घालून अण्णांसमोर ठेवल्या.

"मला एकटीला ठिवायचा इचार हाय का?"

अण्णांनी बशी जवळ ओढली. दिवसभर बशीकडे पाहत राहिले. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "पोरी, माजं चुकलं. मी गोळीला शेताची चारी समजलो. ही तर गावाच्या पिन्याच्या पान्याची हाय. ही बंद करत न्हाईत." मग आत तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं का? बंद करत न्हाईत!"

"लई लवकर कळलं," आतून उत्तर आलं.

त्यानंतरची तीन वर्षं मला एकच लांब संध्याकाळ वाटतात. माझ्या नवऱ्यानं दंडाला बांधायचं प्रेशरचं यंत्र आणलं. सासूबाई गोळी मुद्दाम त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवत आणि एकेक बोट मिटवून देत, म्हणजे मुठीला सवय राहावी. संध्याकाळी तर आठ वाजायच्या कितीतरी आधीपासून तो हात त्यांच्या हातात असायचा. ओट्यावरचं ऊन जाई, मग उजेडही जाई, आणि मी दिवा लावायला उठत नसे.

अण्णा गेल्यावर पंधरा दिवसांनी सासूबाईंना भोवळ आली. त्यांचंही प्रेशर वाढलेलं निघालं. सकाळी एक, रात्री एक. मी यंत्र काढलं तेव्हा लक्षात आलं, की त्यात साठ मापं साठतात आणि ती सगळी अण्णांची आहेत. नवीन माप घेतलं की सर्वांत जुनं पुसलं जातं. मी यंत्र पिशवीत ठेवलं आणि दुसरं आणू म्हणून सांगितलं. का, तेही सांगितलं.

सासूबाईंनी यंत्र पिशवीतून पुन्हा बाहेर काढलं. मग पदर सारून दंड पुढे केला. "त्यांनी कुनाचं पानी कदी अडवलं न्हाई. घे तू."

मी रोज दोन वेळा माप घेते. सासूबाईंचं प्रेशर आता आटोक्यात आहे. यंत्रात अण्णांची एकोणीस मापं उरली आहेत.