शेंदराखालचे डोळे

मंडळी, आज सकाळी आमच्या देवीच्या डोंगरावर जे झालं, ते सांगितल्याशिवाय जेवण जाणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात, मी तान्हा असताना, माझे डोळे जाता जाता वाचले. नवस फेडायला आईने जोडवी मोडून देवीला चांदीचे डोळे वाहिले. चांदी कमी पडली, म्हणून डावा डोळा लहान झाला. घरचं कुणी बघायला जाईपर्यंत दोन्ही डोळ्यांवर शेंदराचा थर चढला होता. तेव्हापासून आत्याचं पालुपद एकच: "वाहिले कसले, तिसगावच्या बाजारात इकले आसतील."

आज पूजा चालू असताना शेंदराचं जुनं कवच आपोआप सुटून आलं. आत चांदीचे दोन डोळे होते. डावा लहान.

आत्या शेजारीच उभी होती. आई म्हणाली, "वन्सं, आता तरी दिसलं का? का तुमालाबी चांदीचे बसवू?"

आत्या हसता हसता रडायला लागली. "चुकलं, वैनी."

आमच्याकडे डोंगर उतरताना कुणी मागे पाहत नाही. देवी एका धनगरामागून चालत होती, त्याने वळून पाहिलं आणि ती इथेच थांबली, अशी कथा आहे. आज आई मात्र पायरीवर थांबून वळली. मी म्हणालो, "आई, मागं बघू नको."

"बघू दे रे. पन्नास वर्सं ती माज्या डोळ्यांनी बघत हुती."

तुमच्या गावच्या देवीचं कवच सुटलेलं कुणी पाहिलंय का? आत काय होतं?