तुतीच्या बांधावरचं वारं

पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग भरायचं माझं दुकान बीडात. जळक्या मोटारी उपसता उपसता कंबर गेली, तेव्हा रीतसर ट्रेनिंग घेतलं, परवाना काढला आणि फवारणीचा ड्रोन आणला. सहा पंखे, पोटाखाली दहा लिटरची टाकी, हातात रिमोट. शेताच्या हद्दी एकदा भरून दिल्या की गडी आपला आपण फेऱ्या मारतो आणि बॅटरी उतरत आली की उडाला तिथं येऊन बसतो. लोक म्हणतात, मिस्त्री, लई सोपं काम हाय. डोंबलाचं सोपं! बॅटरी फुगली का बघा, पंख्यांचे नट आवळा, विजेच्या तारा कुठून गेल्यात ते बघा, आणि सगळ्यात वैताग म्हणजे बघ्यांना हाकला. माझा आवाज आधीच मोठा, या कामानं अजून वाढलाय.

त्या दिवशी नेकनूरकडं कापसाच्या एका रानात गेलो होतो. रान माजी सरपंचांचं. पद जाऊन जमाना झाला तरी गाव त्यांना सरपंचच म्हणतं, आणि तेही रानात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत येतात. टाकीत औषध ओतणार, तेवढ्यात बांधापलीकडच्या तुतीतून एक बाई धावत आल्या. त्यांची रेशीमशेती. शेडमधले किडे आता कोषावर जायला आलेले, रात्रंदिवस पाला खाणारे, आणि बांधालगतची तुती त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवसापासून कापायची होती.

"भाऊ, वारं आमच्याकडं हाय," त्या म्हणाल्या. "मागच्या बारीला कुणीतरी असंच मारलं अन् आख्खी बॅच गेली. माझ्या हातानं खड्ड्यात पुरली. ही पण गेली तर शेड मोडायचं म्हणतेत घरचे."

मी औषधाच्या डब्याचं झाकण लावलं. म्हटलं, आज उडणार नाही.

सरपंच उखडले. "कावून बे? पान हालंना इथं! अळी माझी बोंडं खाऊ लागली अन् तू वारं मोजीत बस!"

वारं हलकंच होतं, हे खरं. दुसरं कुठलं रान असतं तर मीही उडवलं असतं. पण ड्रोनचं औषध म्हणजे निव्वळ धुकं. पंख्यांची हवा ते खाली दाबते, तरी कडेचं बारीक निसटतंच. हे मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. सरपंचांचं आपलं एकच, "काय होत न्हाई." मग माझं टाळकं सरकलं.

"बरं," म्हटलं, "हा तुमचा पडीक तुकडा. इथं नुसतं पाणी मारतो. कापसापासनं तुती जेवढी लांब, तेवढ्यावर तुम्ही वारं जातंय त्या अंगाला उभे राहा. कोरडे राहिलात तर औषध भरतो."

"मार की!" म्हणत ते ताठ मानेनं चालत गेले.

मी बाईंकडून नीळ मागून घेतली, कपड्यांना घालतात ती. टाकीत पाणी भरलं आणि सरपंचांची पाठ फिरलेली असेपर्यंत नीळ चांगली सढळ हातानं ओतली. बाईंनी पदर तोंडाला लावला. माणसाच्या अंगावरून मी ड्रोन कधी नेत नाही, तेव्हाही नेला नाही. लांबूनच दोन फेऱ्या मारल्या आणि खाली उतरवला.

सरपंच छाती काढून आले. "बघ! थेंब लागला न्हाई मला."

सदऱ्यावर निळे ठिपके, टोपीवर निळे ठिपके. मी फक्त म्हणालो, "सरपंच, मिशी." बाईंना हसू आवरेना, त्या तिथंच खाली बसल्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण त्यांनी बाहीवरचा एक ठिपका बोटानं घासून बघितला आणि ते बाईंना म्हणाले, "कोषावर जायला किती दिवस हायेत?"

"चार-पाच."

"मिस्त्री, उद्या सकाळी ये. वारं फिरलं तरच मार. अन् बांधाकडच्या ओळी सोडून दे. खाईना का अळी."

सकाळी वारं खरंच फिरलं होतं, तुतीकडून कापसाकडं. बांधाकडचा पट्टा सोडून मी फवारलं. तरी बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी कडेचा थोडा पाला तोडला, सुपात मूठभर किडे वेगळे काढले आणि त्यांना तो घातला. विष असेल तर किडा मान वर करून झुलतो, तोंडातून हिरवं पाणी टाकतो, असं त्यांनी सांगितलं. मग आम्ही तिघं सुपाभोवती बसलो. मला एका जागी बसायची सवय नाही, पण पाय निघेना. सरपंचांना घरी जाता आलं असतं, तेही गेले नाहीत. चहा आला, गार झाला. मी मनातल्या मनात अल्लाला म्हणत होतो, या बाईचं आता बिघडू देऊ नको.

दुपारपर्यंत किड्यांनी पानाच्या नुसत्या शिरा ठेवल्या. बाईंनी पुन्हा पाला घातला, तोही फस्त झाला. त्या उठल्या. विळा घेतला, तुतीत शिरल्या आणि भराभरा पाला कापायला लागल्या.

सरपंच हळूच म्हणाले, "मिस्त्री, आपल्या बांधालगतच्या ओळीपासनंच सुरुवात केली बे बाईनं."